धारेवरची चपटी पट्टी

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज दिवसभरात तीन मूर्ख भेटले. कारखान्यात होतो तेव्हा मूर्ख आपणहून माझ्या टेबलापाशी यायचे. निवृत्त झाल्यापासून मला त्यांच्या दारापर्यंत चालत जावं लागतं.

पहिला हत्यारांचा दुकानदार. त्याला नीट समजावून सांगितलं की मला पायरीचं ड्रिल हवंय, पुढे बारीक, मागे रुंद, म्हणजे दोन्ही भोकं एका दमात आणि एकाच रेषेत पडतील. पेनाच्या कामाला पाहिजे. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "काका, भिंत कसली आहे?" दुसरा धार लावून देणारा. त्याच्याकडे नवीन स्वयंचलित मशिन आहे आणि त्या मशिनची त्याला स्वतःलाच भीती वाटते. दोन नगांसाठी मशिन लावत नाही म्हणाला, निदान दोनशे आणा. दोनशे पेनं करून मी कोणाच्या गळ्यात बांधू? तिसरा आमच्या रविवारच्या पेनवाल्यांपैकी, म्हणजे हौसेने घरी पेनं करणाऱ्यांपैकी, माजी बँक मॅनेजर. "अहो, साधी दोन ड्रिलं घ्या आणि एकामागून एक पाडा. थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं?" हा गृहस्थ दर रविवारी स्वतः केलेलं पेन खिशाला लावून येतो आणि दर रविवारी त्याचा खिसा निळा असतो.

एकोणतीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली. इकडेतिकडे हा शब्द माझ्यासमोर उच्चारायची कोणाची छाती नव्हती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भिंगरी आली होती. भिंगरी म्हणजे दादाची मुलगी, माझी पुतणी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं. आता डॉक्टर झाली आहे आणि बावीस तारखेला पहिल्या नेमणुकीवर डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात चालली आहे. दोन्ही घरांत ये-जा असणारी ती एकटीच. दादा आणि मी सतरा वर्षांत एकमेकांशी बोललेलो नाही.

तिला पेन हवंय, आणि तेही आजोबांच्या दांड्यातलं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, पेनाच्या कारखान्यात लेथवर काम करणारे टर्नर होते. कारखाना बंद झाला तेव्हा हिशेबापोटी त्यांना काही मिळालं नाही, म्हणून अॅक्रिलिक प्लास्टिकचा एक लांब दांडा घेऊन घरी आले. मधासारखा रंग, आत धुरासारख्या काळ्या रेषा. तसा माल आता कुठेही होत नाही. अण्णांनी तो करवतीने मधोमध कापून आम्हा दोघांना अर्धा अर्धा दिला. माझ्या अर्ध्यातला बराचसा मी पेनं शिकताना वाया घालवला, हे इथे लिहायला हरकत नाही, कारण ही वही दुसरं कोणी वाचत नाही. आता वीतभर उरलाय. एक टोपण आणि शाई भरायची एक नळी, बरोबर एका पेनापुरता.

म्हणून तर ड्रिल नेमकं हवं. चुकायला जागाच नाही.

भिंगरीला म्हटलं, ड्रिल घासून देणारा माणूस मिळत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, हाताने ड्रिल घासणारा या गावात एकच माणूस आहे."

मी विषय बदलला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रभर विचार करून ठरवलं की काम ते काम. ड्रॉइंग काढलं. टोपणाचं एक, नळीचं एक. प्रत्येक पायरीचा व्यास आणि लांबी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. खाली लिहिलं, धार तीक्ष्ण असावी. नाव लिहिलं नाही. भिंगरीला बजावलं, कोणासाठी ते सांगायचं नाही, एक गिऱ्हाईक आहे एवढंच म्हणायचं.

"बाबांना कळणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

"कसं कळेल?"

तिने ड्रॉइंगची घडी केली आणि आपल्या काकूकडे पाहिलं. बायको चहा गाळत होती. ती हसली. बायकांना कशाचंही हसू येतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरीचा फोन. "बाबा विचारतायत, माल कुठला आहे?"

ड्रॉइंग दिलं आहे. मापं दिली आहेत. ड्रिल कशात घालायचं याच्याशी घासणाऱ्याला काय करायचंय? शिंपी कापड शिवताना विचारतो का, साहेब, हे घालून कुणाकडे जाणार? दादाची ही जुनी खोड. आधी दहा प्रश्न विचारायचे आणि मग मनाला येईल तसं करायचं. आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो, तिथे त्याला याच खोडीने बुडवलं.

"प्लास्टिक," म्हणालो आणि फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ड्रिलं आली. तेलकट कागदाच्या पुडीत, दोरा गुंडाळून. पुडीवर पेन्सिलने लिहिलंय, "आधी चालवून बघ."

अनोळखी गिऱ्हाइकाला अरेतुरे! निदान "बघा" लिहायची तरी रीत आहे. या माणसाने आयुष्यात कोणाशी धड संबंध ठेवले नाहीत यात नवल नाही.

मायक्रोमीटर लावला. व्यास बरोबर. पायऱ्यांची लांबी बरोबर. दोन्ही बाजूंच्या धारा समसमान. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बरोबर. सत्तरीच्या माणसाने, नुसत्या हाताने. मान्य करायला हवं म्हणून करतो.

मग भिंग लावलं, आणि जे दिसलं त्याने तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही ड्रिलांच्या सगळ्या धारा मारून बोथट केलेल्या! धारेच्या पुढच्या अंगाला केसाएवढी चपटी पट्टी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी. नखावर टेकवली तर नुसती घसरते. मापं इतकी चोख आणि धार बोथट, म्हणजे हे नजरचुकीने झालेलं नाही. मुद्दाम केलंय. सतरा वर्षं मनात ठेवून माणसाने सूड उगवला, आणि तोही स्वतःच्या मुलीच्या पेनावर.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय? पण वर चालवून बघ असं लिहिलंय ना, मग बघा की चालवून."

"तपासणी डोळ्यांनी होते."

"अहो, तुम्ही लग्नाआधी मलासुद्धा भिंग लावूनच बघितलं असेल," म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

परत पाठवणार नाही. त्याला तेवढंच समाधान मिळायचं. नळीच्या ड्रिलची धार मी स्वतः लावली. बारीक दगडावर, तेल सोडून, भिंगाखाली. पट्टी पार घालवली. तीन तास लागले आणि मान आखडली, पण आता धार अशी आहे की अंगठ्यावरचे केस उतरतात. टोपणाचं ड्रिल उद्या करीन, आज डोळे चुरचुरतायत.

संध्याकाळी लाकडाच्या तुकड्यावर चालवून पाहिलं. लोण्यात सुरी जावी तसं गेलं. हे काम दादाने करायला हवं होतं. तो स्वतःला कारागीर म्हणवतो!

१४ फेब्रुवारी, शनिवार

दांडा फुटला.

नीट लिहितो. सकाळी साडेदहाला लेथ लावला. वीतभर तुकडा आधी दोन भागांत कापला. नळीचा भाग चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, धरला आणि वेग कमी ठेवला. ड्रिलचं पुढचं बारीक टोक छान गेलं. मग रुंद पायरी भोकाच्या तोंडाला लागली मात्र, ड्रिल माझ्या हातात राहिलंच नाही. स्क्रूसारखं स्वतःच आत घुसलं. मी ड्रिल मागेपुढे करायचं चाक उलटं फिरवेपर्यंत काडकन आवाज आला आणि नळी लांबीत उभी चिरली. एक तुकडा उडून खिडकीच्या काचेवर आपटला.

अण्णांनी तो दांडा गोणपाटात गुंडाळून सायकलवरून आणला होता. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. दार उघडायला मीच गेलो होतो.

बायको आवाज ऐकून आली. केरसुणी घेऊन तुकडे गोळा केले, पण फेकले नाहीत, वाटीत ठेवले. मला तिने ओरडायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

माल जुना होता. चाळीसपन्नास वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय दादाने घासताना पोलाद तापवलं असणार. शिवाय लेथ हलतो.

पेनवाल्यांच्या बैठकीला गेलो. मॅनेजरने विचारलं, "काय साहेब, झालं का भोक एका रेषेत?" त्याचा खिसा आज हिरवा होता. मी उठून आलो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पांढऱ्या प्लास्टिकचा एक टाकाऊ तुकडा चकमध्ये धरला. ठरवलं होतं की टोपणाचं ड्रिल, जे मी अजून हातात घेतलेलं नाही, तसंच बोथट चालवायचं, म्हणजे दादाचं काम किती भिकार आहे याचा पुरावा मिळेल. तो पुरावा पुडीत घालून त्याच्या घरी पाठवायचा. पुडीवर "बघ" लिहायचं.

ड्रिल गेलं. पहिली पायरी गेली. दुसरी लागली तेव्हा मी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं. काही झालं नाही. ते ओढत नव्हतं. मी ढकलीन तेवढंच पुढे जात होतं आणि साखरेसारखा बारीक चुरा पडत होता. तुकडा काढून उजेडात धरला. भोक आतून काचेसारखं.

आणखी दोनदा करून पाहिलं. मग नळीचं ड्रिल, मी धार लावलेलं, तशाच पांढऱ्या तुकड्यात घातलं. काडकन.

खुर्ची ओढून बसलो. दुपारचं जेवण गेलं नाही.

ती पट्टी काम बिघडवण्यासाठी नव्हती. तीक्ष्ण धार लाकडात किंवा पोलादात बरी. प्लास्टिकमध्ये ती मालाला पकडते आणि स्वतःला आत खेचून घेते. पट्टी असली की खेचत नाही, नुसती खरवडते. म्हणून तो विचारत होता, माल कुठला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अण्णांच्या दांड्याचा उरलेला भाग लावला आणि टोपण पाडलं. मी घाई केली नाही, बाकी ड्रिलने सांभाळून घेतलं. बाहेरून तासलं, पॉलिश केलं. खिडकीत धरलं की आतला धूर हलतोय असं वाटतं. मी केलेल्या कामांत हे सगळ्यात चांगलं आहे. नुसतं टोपण. याला नळीच नाही.

बायको म्हणाली, "भावजींकडे त्यांचा अर्धा दांडा असेल की."

"त्याने केव्हाच काहीतरी करून टाकला असेल."

"भिंगरी म्हणते, कपाटात आहे. हातसुद्धा लावलेला नाही."

म्हणजे या दोघींचं माझ्या पाठीमागे सगळं बोलणं झालेलं आहे.

मला दुसरीच एक गोष्ट छळते आहे. प्लास्टिकमध्ये ड्रिल खेचतं, तसं आणखी कशात खेचतं हे मला माहीत आहे. म्हणजे आज कळलं. पितळेत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. सतरा वर्षांपूर्वीची सापडली. माझंच अक्षर, फक्त जरा ठसठशीत. ती नोंद इथे उतरवून घेतो.

"आज दादाने घासलेला ड्रिलांचा लॉट आला. एकशे चाळीस नग, पितळी झडपांच्या खात्यासाठी. मापं बरोबर. पण भिंगाखाली सगळ्या धारा बोथट, पुढच्या अंगाला चपटी पट्टी. पूर्ण लॉट रिजेक्ट केला. चालवून बघ म्हणाला. तपासणी डोळ्यांनी होते, असं सांगितलं. सगळं खातं ऐकत होतं, बरं झालं. सख्खा भाऊ असला तरी मी सोडत नाही हे लोकांना कळलं. मी शेरा लिहीत असताना तो शेजारी उभा राहून काहीतरी पुटपुटत होता. मी मान वर केली नाही. नात्याचा फायदा घेऊ पाहणाऱ्याला हेच उत्तर."

आणि तीन आठवड्यांनंतरची नोंद:

"झडपांच्या खात्यात बोंबाबोंब. बाजारातून आणलेली नवी ड्रिलं अडकतात, तुटतात म्हणे. एकाचं बोट गेलं. तिथल्या लोकांना मशिन चालवायची अक्कल नाही. दादाला ग्राइंडिंगवरून काढून स्टोअरला बसवलं. त्याला तेच काम झेपेल."

स्टोअरला म्हणजे खिडकीआड बसून हातमोजे आणि पुसायच्या चिंध्या वाटायच्या. निवृत्त होईपर्यंत सात वर्षं त्याने ते केलं. मी रोज त्या खिडकीवरून जायचो. हातमोजे लागले तर दुसऱ्याला पाठवायचो.

माझ्या टेबलावरून गेलेल्या प्रत्येक नगावर माझी सही असायची. कारखान्यातल्या अर्ध्या लोकांना मी गाढव म्हणत आलो. मला आज स्वतःची लाज वाटते आहे, आणि ती कुठे ठेवायची ते कळत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो.

पिशवीत टोपण, नळीचं ड्रिल आणि ती जुनी वही घेतली होती. वही पुरावा म्हणून. लेखी काही असलं की मला बोलायला बरं पडतं. पूल ओलांडला की तिसरं घर, सात मिनिटांची वाट. एवढं जवळ आहे हे मी विसरलो होतो.

दार वहिनीने उघडलं. "या," म्हणाली, जणू मी कालच येऊन गेलो होतो. "मागच्या खोलीत आहेत."

दादा ग्राइंडरपाशी स्टुलावर बसला होता. म्हातारा झालाय. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने मान वळवली, मला पाहिलं, आणि पुन्हा चाकाकडे बघायला लागला. बस म्हणाला नाही. दुसरं स्टूल रिकामं होतं, मी उभाच राहिलो.

ड्रिल त्याच्यासमोर ठेवलं. त्याने भिंग घेतलं नाही, नखावर धार टेकवली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"लाकडावर छान चाललं असेल."

"हो."

"दांडा गेला?"

"नळीचा भाग गेला. टोपण झालं. हे बघ."

त्याने टोपण घेतलं नाही. दगड घेतला आणि धारेच्या पुढच्या अंगावरून एकदा, दोनदा ओढला. ड्रिल फिरवलं, दुसऱ्या धारेवर एकदा, दोनदा. मग पायरीच्या धारांवर तसंच. मला तीन तास लागले होते ते घालवायला. त्याला मिनिटही लागलं नाही.

मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो. चांगलं लांबलचक होतं. त्यातलं एवढंच बाहेर पडलं, "तो लॉट बरोबर होता."

दगड चिंधीने पुसत तो म्हणाला, "मला माहीत आहे."

"अरे, मग तेव्हाच सांगायचं होतंस ना! पितळेसाठी मुद्दाम केलंय, म्हणून. एवढं एक वाक्य बोलला असतास तर..."

"बोललो होतो," दादा म्हणाला. "तू लिहीत होतास."

वहिनी पाण्याचे पेले घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. मी पिशवीचे बंद घट्ट धरून उभा राहिलो. सतरा वर्षं मी ज्या माणसाला बोलणं जमत नाही असं म्हणत आलो, त्याने माझ्या शेजारी उभं राहून सगळं सांगितलं होतं, आणि मी ते पुटपुटणं म्हणून वहीत उतरवून घेतलं होतं.

"दादा, चुकलं माझं," म्हणालो.

त्याने दगड खाली ठेवला. ठीक आहे म्हणाला नाही, असू दे म्हणाला नाही. उठून कपाट उघडलं. खालच्या खणातून गोणपाटाचं गुंडाळं काढलं. तेच गोणपाट. आत अण्णांचा अर्धा दांडा, अख्खा. एका टोकाला अण्णांच्या करवतीच्या खुणा अजून तशाच होत्या. दादाने त्यावरून अंगठा फिरवला आणि दांडा ग्राइंडरशेजारी ठेवला.

"पोरीला रविवारी निघायचंय. उद्या दहाला ये. ड्रिल मी चालवीन. तू बघायचं."

"येतो."

मी दारापर्यंत पोचलो तेव्हा त्याने मागून हाक मारली. सतरा वर्षांनी माझं नाव त्याच्या तोंडून ऐकलं. वळून पाहिलं तर त्याची नजर माझ्या पिशवीवर होती. जुन्या वहीचा कोपरा बाहेर डोकावत होता.

"आणि ती वही घरी ठेवून ये," तो म्हणाला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

साडेनऊ झाले. निघतो.